कडबा, पऱ्हाटी आणि काष्ठद्रव्य : बीड जिल्ह्याच्या संदर्भात एक ऐतिहासिक विचार

धान्य, बोंडे वा रस काढून घेतल्यावर पिकाचा जो भाग उरतो, त्यास आजच्या इंधनोद्योगाच्या परिभाषेत ‘जैवभार’ हे एकच नाव आहे. बीड जिल्ह्यातील शेतकऱ्यांच्या बोलीत मात्र असे एक नाव नाही. ज्वारीचा कडबा, तुरीची तुराटी, कपाशीची पऱ्हाटी अशी नावे तेथे रूढ आहेत. एकट्या उसाचीच तीन नावे आहेत : वाढे चाऱ्यासाठी, पाचट शेतात पडून राहणारे, आणि चिपाड गुऱ्हाळातील काहिलीखाली जळणारे. ही नावे उपयोग व हक्क यांची निदर्शक होत. हा भेद रसायनशास्त्रासही मान्य करावा लागतो काय, हे या विषयाच्या इतिहासावरून पाहावयाचे आहे.

आंरी ब्राकोनो या फ्रेंच रसायनज्ञाने १८१९ मध्ये तागाच्या चिंध्यांवर गंधकाम्लाची क्रिया करून शर्करा मिळविली. आन्सेल्म पायाँ याने १८३८ मध्ये वनस्पतींतून सेल्युलोज वेगळे केले. सेल्युलोज म्हणजे शर्करेच्या घटकांचीच लांब साखळी होय; परंतु वनस्पतीत ती हेमिसेल्युलोज व लिग्निन अथवा काष्ठद्रव्य यांच्या वेष्टनात घट्ट बसलेली असते. हे वेष्टन फोडणे हीच खरी अडचण होती. दोन महायुद्धांच्या दरम्यान जर्मनीत शोलर व बेर्गियुस यांनी अम्लाच्या साहाय्याने लाकडापासून शर्करा काढण्याच्या पद्धती प्रचारात आणल्या. दुसऱ्या महायुद्धात सॉलोमन बेटांवर अमेरिकन सैन्याचे सुती कापड कुजविणारी एक बुरशी हाती लागली. सेल्युलोज तोडणारी एंझाइमे ती विपुल प्रमाणात स्रवते, असे पुढे आढळून आले. १९७७ मध्ये तिला ‘ट्रायकोडर्मा रीझी’ असे नाव देण्यात आले. अम्लाचे काम एंझाइमांकडे आले ते याच मार्गाने.

भारतात मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेच्या पद्धतीचे प्रात्यक्षिक संयंत्र २०१६ मध्ये काशीपूर येथे उभे राहिले. पानिपत येथील इथेनॉल प्रकल्प १० ऑगस्ट २०२२ रोजी राष्ट्रास अर्पण करण्यात आला. वर्षाला सुमारे २ लाख टन भाताच्या पेंढ्यापासून सुमारे ३ कोटी लिटर इथेनॉल काढण्याची त्याची योजना आहे. त्या प्रदेशात हा पेंढा मोठ्या प्रमाणावर शेतातच जाळला जात असे, ही गोष्ट येथे ध्यानात घेतली पाहिजे.

बीडची स्थिती वेगळी आहे. जनावराच्या पोटातील सूक्ष्मजीवही सेल्युलोजच तोडीत असतात. म्हणून जे अवशेष यंत्रास सुलभ, ते बहुधा गुरांसही सुलभ असतात, आणि त्यांच्यावर गुरांचा हक्क आधीच प्रस्थापित झालेला असतो. कडबा हे याचे ठळक उदाहरण. २०१३ व २०१९ च्या दुष्काळांत ज्या जिल्ह्यात चारा छावण्या उघडाव्या लागल्या, तेथे कडब्यास ‘टाकाऊ’ म्हणणे हास्यास्पद ठरेल. वाढ्यांची गोष्टही अशीच आहे. दसऱ्यानंतर कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जाणारी ऊसतोड कुटुंबे वाढे आपल्या बैलांना घालतात व उरलेले विकून चार पैसे मिळवितात. चिपाड उसाबरोबर आपोआप कारखान्यात येते. पण तेथे ते बाष्पकांत जाळले जाते.

पऱ्हाटीचे मात्र तसे नाही. तिच्यातील काष्ठद्रव्य सुमारे चतुर्थांश असल्याने ती गुरांच्या कामाची नाही. चुलीपुरती ठेवून उरलेली बहुतेक बांधावर रचली वा जाळली जाते. आणि रचलेल्या पऱ्हाटीत गुलाबी बोंडअळी पुढील हंगामापर्यंत टिकून राहते. २०१७ मध्ये या किडीने महाराष्ट्रातील कपाशीचे मोठे नुकसान केले. सारांश, रसायनास जी सर्वांत दुर्भेद्य, तीच समाजदृष्ट्या सर्वांत मोकळी आहे. जी सुभेद्य, तिला धनी आहेत.

म्हणूनच ‘जैवभार’ या एका शब्दाने हिशेब मांडल्यास तो कागदावर मोठा दिसेल, परंतु त्यात गुरांचा चारा व मजुरांची मिळकत नकळत मिसळलेली असेल. बोलीतील जुनी नावे हा हिशेब अधिक नेमकेपणाने ठेवतात.