एक गो तांदळाची सुशी

दहा-बारा वर्षांपूर्वी एका मासिकातल्या टिपणात मी बेधडक लिहून गेलो होतो की, कच्च्या माशाची सुशी हा जपानचा मूळचा आणि हजारो वर्षांचा पदार्थ आहे. एवढ्याशा वाक्यात तीन चुका आहेत. मी कुठल्या विद्यापीठात इतिहास शिकलेलो नाही. जे शिकलो ते जुन्या बाजारातली पुस्तके आणि दप्तरखान्यांतले कागद यांच्याकडून. अशा माणसाच्या चुका दाखवायला मार्गदर्शक नसतो, त्या त्याच्या त्यानेच दुरुस्त कराव्या लागतात. हा लेख म्हणजे एका परीने ते शुद्धिपत्रच आहे.

माझी पुतणी नोकरीनिमित्त टोकियोत असते. दोन वर्षांपूर्वी तिच्याकडे महिनाभर राहिलो. 'काका, तुम्हाला मोठ्या हॉटेलात नेत नाही, आमच्या गल्लीतल्यासारख्या दुकानात नेते,' असे म्हणून तिने मला सुमिदा नदीच्या पूर्वेकडच्या जुन्या वस्तीत नेले. दारावर निळा कापडी पडदा, आत लाकडी काउंटरला आठ खुर्च्या. काउंटरपलीकडे सत्तरी ओलांडलेले मालक. त्यांना सगळी गिऱ्हाइके 'ताइशो' म्हणतात. चहा आणून देणाऱ्या त्यांच्या पत्नीला 'ओकामी-सान'. भिंतीवर लाकडी पट्ट्या टांगलेल्या, प्रत्येकीवर एका माशाचे नाव. ताटांच्या प्रती तीन : मात्सु, ताके, उमे, म्हणजे पाइन, बांबू आणि जर्दाळूच्या जातीचे एक झाड. आम्ही मधले मागवले.

ताइशोंनी लाकडी पिंपातून भाताचा गोळा उचलला आणि म्हणाले, 'शारी.' मी दचकलोच. सुशीच्या भाताला दुकानाच्या बोलीत शारी म्हणतात, आणि तो शब्द आपल्या 'शरीर'वरून गेलेला आहे. बुद्धाच्या अस्थिधातूंना संस्कृतात शरीर म्हणत. तो शब्द चीनमार्गे बौद्ध ग्रंथांबरोबर जपानला पोहोचला, आणि पांढऱ्या दाण्यांच्या साम्यामुळे भाताला चिकटला. माशाला नव्हे, भाताला. सुशीचा इतिहास माशाच्या बाजूने वाचला की चुकतो, भाताच्या बाजूने वाचला की उलगडतो, हे मला त्या काउंटरवर उमजू लागले.

आता चुका. पहिली, सुशी मुळात कच्च्या माशाची नव्हती. मीठ लावलेला मासा शिजवलेल्या भातात महिनोन्‌महिने दाबून ठेवायचा. भात आंबतो, त्या आंबटपणाने मासा टिकतो. मासा खायचा आणि लगदा झालेला भात बहुधा टाकून द्यायचा. बिवा सरोवराकाठी शिगा प्रांतात 'फुनाझुशी' आजही याच रीतीने करतात. दुसरी चूक, ही रीत मूळची जपानची नसावी. भातशेती आणि गोड्या पाण्यातली मासेमारी जिथे एकत्र नांदली त्या आग्नेय आशियात, मेकाँगच्या खोऱ्याच्या आसपास, ती उपजली असावी असे अभ्यासक मानतात. जपानमध्ये ती जुनी आहे हे मात्र खरे. दहाव्या शतकातल्या 'एंगिशिकी' या राजनियमांच्या संग्रहात निरनिराळ्या प्रांतांनी दरबारात करापोटी पाठवायच्या जिनसांमध्ये सुशी आहे.

तिसरी चूक सर्वांत मोठी. आज आपण जिला सुशी म्हणतो ती मुठीत दाबलेली 'निगिरी' जेमतेम दोनशे वर्षांची आहे. आंबवण्याचा काळ शतकागणिक कमी होत गेला, भातही खाल्ला जाऊ लागला, आणि पुढे आंबवण्याऐवजी भातात थेट व्हिनेगर घालू लागले. एदो, म्हणजे आजचे टोकियो, हे घाईचे शहर. तिथे १८२०च्या दशकात र्‍योगोकु भागातल्या हानाया योहेई याने निगिरीला रूप दिले असे मानतात. आमचे दुकान तिथून चालत जाण्याच्या अंतरावर. १८०४ साली हांदा गावच्या नाकानो माताझाएमोन याने साकेच्या चोथ्यापासून व्हिनेगर करायला सुरुवात केली. ते स्वस्त, तांबूस व्हिनेगर जहाजांनी एदोला येई आणि सुशीवाल्यांच्या भातात पडे.

कितागावा मोरिसादा याने १८३७ पासून एदो, क्योतो आणि ओसाका या शहरांच्या राहणीची टिपणे लिहायला घेतली. तो सांगतो की एदोत दर पेठेगणिक सुशीची एक-दोन दुकाने आहेत. एका नगाची किंमत ८ मोन, अंड्याच्या गुंडाळीची १६. त्याच्या यादीतले मासे कोणते? शिजवलेली कोळंबी, व्हिनेगरमध्ये मुरवलेला कोहादा, समुद्री वाम. बर्फ नव्हता, तेव्हा बहुतेक जिन्नस शिजवलेले वा मुरवलेले. नगही आजच्याहून बराच मोठा असे. उभ्या उभ्या दोन-तीन खाऊन कामावर जायचे. थोडक्यात, आपल्याकडच्या वडापावचा थाट.

मग ही शहराच्या गाड्यावरची चीज देशभर कशी गेली? एक कारण नेहमी सांगितले जाते : १ सप्टेंबर १९२३च्या भूकंपात टोकियो उद्ध्वस्त झाले आणि तिथले कारागीर आपापल्या गावी परतले. दुसरे कारण मला ताइशोंच्या दुकानात भेटले.

काउंटरमागच्या फळीवर एक लहान चौकोनी लाकडी माप होते, कडा झिजून गोल झालेले. मला आमच्या घरच्या चिपट्याची आठवण झाली. पुतणीला विचारायला सांगितले. ताइशोंनी हात पुसले, माप खाली काढले आणि माझ्यासमोर ठेवले. 'एक गो,' ते म्हणाले. 'वडिलांचे. गिऱ्हाईक तांदूळ घेऊन यायचे, त्या काळातले.'

एक गो म्हणजे १८० मिलिलिटर, तांदळाचे सुमारे १५० ग्रॅम. युद्ध हरलेल्या जपानमध्ये तांदूळ रेशनवर होता, माणशी दिवसाला सुमारे अडीच गो, आणि तोही वेळेवर मिळेल याची खात्री नाही. जुलै १९४७ मध्ये सरकारने आणीबाणीच्या हुकमाने खाणावळी व उपाहारगृहे जवळपास सगळी बंद केली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये यामागुची योशितादा हे टोकियोतले न्यायाधीश उपासमारीने वारले, वय अवघे ३३. काळ्या बाजारातून धान्य घेणाऱ्यांचे खटले त्यांच्यापुढे चालत, म्हणून स्वतः तिथले धान्य शिवायचे नाही असे त्यांनी ठरवले होते. एक गो तांदळाचे मोल या पार्श्वभूमीवर समजून घ्यायला हवे.

टोकियोच्या सुशीवाल्यांनी यातून वाट काढली. आम्ही खाणे विकत नाही, असा त्यांचा युक्तिवाद. गिऱ्हाइकाने एक गो तांदूळ आणावा, आम्ही त्याच्या बदल्यात दहा नग सुशी द्यावी आणि फक्त मजुरी घ्यावी. म्हणजे आम्ही विक्रेते नाही, घडणावळ घेणारे कारागीर. ही तडजोड मान्य झाली. समुद्रातल्या माशांवरही नियंत्रण होते, म्हणून शिंपले, गोड्या पाण्यातले मासे, भाज्या वापरून वेळ निभावली. हीच सवलत इतर प्रांतांतल्या दुकानदारांनी मागितली तेव्हा त्यांनाही टोकियोच्या धर्तीची निगिरी करणे भाग पडले. ज्या गावांत दाबलेली, आंबवलेली अशी स्वतःची सुशी होती, तिथेही निगिरी पोहोचली ती अशी. दहा नगांची एक वाढणी हे मापही त्या व्यवहाराने पक्के केले.

हे ऐकताना मी ताटाकडे पाहत होतो, पण डोळ्यांपुढे मिरजेतली आमची पिठाची गिरणी होती. वडिलांनी ती चाळीस वर्षे चालवली. गिऱ्हाईक डब्यात दळण आणणार, आपण दळणावळ घेणार. धान्य त्याचे, पीठही त्याचे, आपली फक्त मेहनत. 'आमच्या गव्हाआधी कुणाची ज्वारी दळली?' हा प्रश्न रोजचा. आणि घट किती धरली यावरून भांडणही. मी पुतणीकरवी ताइशोंना विचारले, 'ज्याचा तांदूळ त्यालाच मिळायचा का?'

ते हसले. 'कसा मिळणार? भात आधीच शिजलेला असे. त्याचा तांदूळ उद्याच्या भातात. काउंटरवर बसणाऱ्याला कालच्या गिऱ्हाइकाचा तांदूळ मिळे.'

कायद्याच्या कागदावर प्रत्येक जण स्वतःचा तांदूळ खात होता. प्रत्यक्षात शेजारी शेजाऱ्याचा भात खात होता, आणि सगळ्यांची भिस्त त्या एका मापावर. ते माप खोटे निघाले असते तर दुकान आठवडाभरही टिकले नसते. पेठेतल्या दुकानाचा विश्वास म्हणतात तो हा. एकशे पन्नास ग्रॅम अचूक मोजण्यातून तो तयार होतो. १९५८ साली शिराइशी योशिआकी यांनी ओसाकाजवळ फिरत्या पट्ट्यावरची सुशी सुरू केली, बिअरच्या कारखान्यातल्या पट्ट्यावरून सुचलेली. तिथे सुशी स्वस्त झाली, सर्वांची झाली, ही चांगलीच गोष्ट. पण तिथे माप यंत्राच्या हाती गेले.

ताइशोंचा मुलगा कंपनीत नोकरीला आहे. पुढच्या वसंतात दुकान बंद करणार असल्याचे त्यांनी साधेपणाने सांगितले. आमची गिरणी २००४ मध्ये बंद झाली, तेव्हा वडिलांनीही असेच सांगितले होते. तो नोकरीला लागलेला मुलगा मीच. वजनमापांचा इतिहास मी पंचवीस वर्षे धुंडाळतो आहे, पण वडिलांना घटीचा हिशेब कसा धरत होता हे एकदाही विचारले नाही. आता विचारायला ते नाहीत.

निघताना ओकामी-सान दारापर्यंत आल्या. मी पुतणीला म्हटले, 'त्यांना सांग, ते माप कुणाला तरी लिहून द्या. कुणाचे, कधीचे, कशासाठी.' ताइशोंनी मान डोलावली, माप पुसले आणि परत फळीवर ठेवले. ते लिहितील की नाही माहीत नाही. म्हणून मी लिहिले.