सह्याद्रीतून गोव्याकडे: एका भूमिगत नभोवाणी केंद्राची सहा वर्षे

पोर्तुगालमध्ये १९२६ साली लष्करी उठाव झाला, त्यानंतर सालाझार यांच्या हाती सत्ता एकवटत गेली आणि १९३३ च्या राज्यघटनेने त्यांच्या राजवटीला कायमचे रूप दिले. या राजवटीची मुद्रितांवरील पूर्वतपासणी, म्हणजे मजकूर छापला जाण्यापूर्वीच तो सरकारी अधिकाऱ्यापुढे ठेवून मंजूर करून घेण्याची सक्ती, गोव्यातही कसोशीने अमलात आली. वृत्तपत्रांचे रकाने तर सेन्सॉरच्या हाताखालून जातच, पण हस्तपत्रके आणि लग्नाच्या निमंत्रणपत्रिकांनाही परवानगी लागत असे. परवानगीवाचून सार्वजनिक सभा घेणे हाही गुन्हा होता. १८ जून १९४६ रोजी डॉ. राममनोहर लोहिया यांनी मडगावात सभा घेऊन ज्या बंदीला आव्हान दिले ती हीच होती, आणि त्याच वर्षी त्रिस्ताँव द ब्रागांझा कुन्हा यांना लष्करी न्यायालयाने दिलेली शिक्षा व पोर्तुगालमधील पेनिशच्या किल्ल्यात त्यांची झालेली रवानगी यांवरून, बोलण्याची किंमत केवढी मोठी होती हे दिसून येते.

या कोंडीतही मुंबईची वृत्तपत्रे, नोकरीनिमित्त तेथे राहणाऱ्या गोवेकरांची पत्रे आणि सुटीत घरी परतणारी माणसे यांच्यामार्फत बाहेरची खबर गावागावांत पोहोचत राहिली होती. १९५५ साली ही वाटही अरुंद झाली. १५ ऑगस्टला सीमेवरून आत शिरणाऱ्या निःशस्त्र सत्याग्रहींवर पोर्तुगीज सैनिकांनी गोळीबार केला, वीसहून अधिक जण मरण पावले आणि त्यानंतर भारत सरकारने गोव्यातील आपला वाणिज्य दूतावास बंद करून सीमेवरील ये-जा व व्यापार यांवर कडक निर्बंध घातले. पोर्तुगीज सत्तेची आर्थिक कोंडी करणे हा या नाकेबंदीचा हेतू होता, परंतु माणसांबरोबर बातम्यांचीही ये-जा तिने रोखली, आणि सामान्य गोवेकराला सहज ऐकू येणारा आवाज राहिला तो ‘एमिसोरा द गोवा’ या सरकारी केंद्राचा. स्वातंत्र्यवाद्यांच्या दृष्टीने ही परिस्थिती गोळीबाराइतकीच गंभीर होती, कारण आपल्यासाठी सीमेपलीकडे कोणी झगडत आहे हेच ज्याला कळत नाही, त्याच्याकडून प्रतिकाराची अपेक्षा करता येत नाही.

२५ नोव्हेंबर १९५५ रोजी सुरू झालेले भूमिगत नभोवाणी केंद्र हे या परिस्थितीला दिलेले उत्तर होते. अफोंसो द अल्बुकर्क याने १५१० साली गोवा जिंकला तो दिवसही २५ नोव्हेंबरचाच, आणि पोर्तुगीज शासन तो अभिमानाने पाळत असे. केंद्राची नावे दोन होती: पोर्तुगीजमध्ये ‘व्होज दा लिबेरदाद’ आणि कोंकणीत ‘गोंयचे सोडवणेचो आवाज’. १९५४ साली दादरा व नगर हवेली मुक्त झाली त्या वेळी पोर्तुगीजांकडून हाती आलेल्या बिनतारी संचांत फेरफार करून प्रक्षेपक, म्हणजे ध्वनीचे रेडिओलहरींत रूपांतर करून त्या दूरवर पाठवणारे यंत्र, तयार करण्यात आला. मुक्त झालेल्या एका प्रदेशातील यंत्रसामग्री अशा रीतीने दुसऱ्याच्या मुक्तीसाठी कामी आली. सुरुवातीला निकोलाव मिनेझिस या कामात होते, पण पुढील सारा काळ हे केंद्र चालवले ते वामन सरदेसाई आणि मुंबईत कायद्याचे शिक्षण घेतलेल्या लिबिया लोबो या दोघांनी.

केंद्राचा पहिला मुक्काम आंबोलीच्या जंगलात होता आणि तेथून ते पुढे कॅसल रॉकच्या परिसरात हलले. दोन्ही ठिकाणे सह्याद्रीच्या माथ्यावर, गोव्याला लागून आणि तरीही पोर्तुगीज पोलिसांच्या हद्दीबाहेर होती. महाराष्ट्रात सर्वाधिक पावसाच्या ठिकाणांमध्ये गणल्या जाणाऱ्या आंबोलीत दमट हवेपासून यंत्रे जपणे आणि वस्तीपासून दूर, आपण कोठे आहोत हे कोणाला कळू न देता रोज ठरल्या वेळी प्रक्षेपण करणे किती कष्टाचे असेल, हे ज्यांनी तो घाट जुलैत पाहिला आहे त्यांना निराळे सांगण्याची आवश्यकता नाही.

प्रक्षेपणाचा गाभा घोषणांचा नव्हता, बातम्यांचा होता. गोव्यातील गुप्त सहकाऱ्यांकडून येणारी माहिती, भारतीय संसदेतील चर्चा, आशिया व आफ्रिकेतील स्वातंत्र्यचळवळींचा वृत्तांत आणि पोर्तुगीज प्रचाराचे मुद्देसूद खंडन ही त्याची मुख्य अंगे होती. १९५१ साली लिस्बनने वसाहतींना ‘सागरपार प्रांत’ असे नवे नाव दिले होते, आणि प्रांत हा देशाचाच भाग असल्याने त्याच्या मुक्तीचा प्रश्नच उद्भवत नाही, असा युक्तिवाद त्यावर उभा केला होता. संयुक्त राष्ट्रांच्या महासभेने डिसेंबर १९६० मध्ये हे प्रदेश स्वयंशासित नाहीत असे स्पष्ट ठरवले आणि पुढच्याच वर्षी अंगोलात उठाव झाला. अशा घटना सेन्सॉरखालील वृत्तपत्रांत वाचायला मिळणे जवळजवळ अशक्य होते. पोर्तुगीज भाषेच्या निवडीमुळे हे प्रक्षेपण गोव्यातील सुशिक्षित वर्गाबरोबरच अधिकारी व सैनिक यांच्याही कानी पडू शकत होते, आणि ही निवड अत्यंत दूरदर्शी म्हटली पाहिजे.

मुंबईत १९४२ साली उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चालवलेल्या काँग्रेस रेडिओशी तुलना केली असता एक फरक ठळकपणे जाणवतो. ते केंद्र सत्तेच्या पोटातच होते, म्हणून सतत जागा बदलूनही सुमारे अडीच महिन्यांत ते पकडले गेले. गोव्याचे केंद्र सीमेबाहेर होते, म्हणून सहा वर्षे टिकले. मात्र या सुरक्षिततेमुळे एक प्रश्न उभा राहतो, आणि तो टाळणे इतिहासाला धरून होणार नाही. भारताच्या भूमीवर इतका काळ चाललेले केंद्र भारत सरकारच्या संमतीवाचून चालू शकले असते असे मानता येत नाही, तेव्हा त्याचे स्वातंत्र्य सेन्सॉरपासूनचे होते, सर्व सत्तांपासूनचे नव्हते. तरीही मुक्तीची बाजू उघडपणे घेणाऱ्या या आवाजाने आपली निष्ठा कधी लपवली नाही, आणि जेथे विरुद्ध बाजूचा एकही शब्द कानी पडू दिला जात नव्हता तेथे तो ऐकू येणे, हेच श्रोत्याला तुलना करण्याचे साधन देणे होते.

डिसेंबर १९६१ मध्ये लष्करी कारवाई जवळ आली तेव्हा केंद्र बेळगावला हलवण्यात आले आणि पोर्तुगीज गव्हर्नर जनरलने शरण यावे हा संरक्षणमंत्री व्ही. के. कृष्ण मेनन यांचा संदेश त्यावरून प्रसारित झाला. या टप्प्यावर केंद्र आणि सरकार यांच्यातील अंतर जवळजवळ मिटले होते. १९ डिसेंबरला पोर्तुगीज शरण आल्यानंतर लोबो आणि सरदेसाई यांनी ध्वनिवर्धक बसवलेल्या भारतीय हवाई दलाच्या विमानातून गोव्यावर फिरून पोर्तुगीज व कोंकणीत मुक्तीची बातमी सांगितली आणि पत्रके टाकली. पुढे दोघांचा विवाह झाला. सरदेसाई भारताच्या परराष्ट्र सेवेत गेले आणि अंगोलात राजदूत झाले. त्यांना १९९२ साली पद्मश्री मिळाली, तर लिबिया लोबो सरदेसाई यांना तोच सन्मान २०२५ साली, वयाची शंभरी गाठल्यावर जाहीर झाला.