लाखांदूर : वर्षभराचे तापमान

भंडारा जिल्ह्याच्या दक्षिण टोकावरील तालुक्याचे ठिकाण. वैनगंगा आणि तिला येऊन मिळणारी चुलबंद या नद्यांच्या सखल, भाताच्या प्रदेशात ते वसले आहे. समुद्रसपाटीपासूनची उंची जेमतेम सव्वादोनशे मीटर असल्याने उंचीमुळे मिळणारा गारवा येथे नाही. अरबी समुद्र सुमारे ७५० किमी., तर बंगालचा उपसागर ५०० किमी.च्या आसपास दूर आहे. त्यामुळे येथील हवामान अस्सल खंडांतर्गत आहे. रत्नागिरीत जानेवारीतील व मे महिन्यातील दुपारच्या तापमानात दोन-तीन अंशांचाच फरक पडतो. लाखांदूरकडे तो चौदा अंशांच्या घरात जातो. वैनगंगेपलीकडील ब्रह्मपुरी येथे भारतीय हवामान खात्याचे केंद्र असून तेथील नोंदी लाखांदूरलाही बऱ्याच अंशी लागू पडतात.

उन्हाळा फेब्रुवारीच्या अखेरीस सुरू होतो. एप्रिलमध्ये पारा ४० अंश से. ओलांडतो आणि मे महिन्यातील सरासरी कमाल तापमान ४२ अंशांच्या आसपास असते. उष्णतेच्या लाटेत ते ४५ ते ४७ अंशांपर्यंत चढते. विदर्भातील सर्वांत तप्त ठिकाणांच्या दैनिक यादीत ब्रह्मपुरीचे नाव वारंवार येते ते याच दिवसांत. सूर्य येथे २४ मेच्या सुमारास बरोबर डोक्यावर येतो आणि त्याच सुमारास, रोहिणी नक्षत्राबरोबर, नवतपा सुरू होतो. पंचांगातला हा नऊ दिवसांचा हिशेब खगोलाशी इतका जुळतो, हे नोंदवण्याजोगे आहे. मात्र उष्म्याला सूर्याइतकेच वायव्येकडून येणारे कोरडे वारे कारणीभूत असतात. दुपारी हवेत ओलावा फारच कमी उरतो. म्हणूनच दमट कोकणात जवळपास कुचकामी ठरणारा पाण्याचा कूलर येथे घरोघरी उपयोगी पडतो. तेंदूपत्ता तोडणारी माणसे पहाटेच जंगल गाठतात, दुपारी रस्ते ओस पडतात आणि बाहेर पडणारा डोक्याला दुपट्टा बांधूनच निघतो. विदर्भातील शाळाही राज्याच्या इतर भागांपेक्षा उशिरा, जूनच्या अखेरीस उघडतात.

पाऊस जूनच्या मध्यानंतर येतो आणि पंधरवड्यात दुपारचे तापमान दहा अंशांनी खाली आणतो. वर्षाला सरासरी १३०० मिमी.च्या आसपास पडणाऱ्या या पावसाचा मोठा वाटा बंगालच्या उपसागरावरून सरकत येणाऱ्या कमी दाबाच्या पट्ट्यांतून मिळतो. जुलै-ऑगस्टमध्ये कमाल ३० ते ३१ आणि किमान २४ अंशांच्या आसपास राहते. या दोन महिन्यांत लाखांदूर आणि रत्नागिरी यांचे आकडे जवळपास सारखे दिसतात. ढगांचे छत, ओली माती आणि रोवणीसाठी पाण्याने भरलेल्या बांध्या मिळून दिवस-रात्रीतला फरक सहा-सात अंशांवर आणतात. पावसाने दडी मारली की मात्र उकाडा असह्य होतो.

सप्टेंबरअखेर आकाश निवळते. ऑक्टोबरची दुपार पुन्हा तापते, पण रात्री लवकर गार होऊ लागतात. डिसेंबर-जानेवारीत कमाल २८ व किमान १२-१३ अंशांच्या आसपास असते. उत्तरेकडून थंड वारे सुटले, की किमान ७-८ अंशांपर्यंत घसरते. अशाच थंडीत २९ डिसेंबर २०१८ रोजी नागपुरात ३.५ अंशांची नोंद झाली होती. कोरड्या, निरभ्र हवेतून जमिनीची उष्णता रात्री झपाट्याने निघून जाते. त्यामुळे दिवस-रात्रीत पंधरा-सोळा अंशांचे अंतर पडते. नदीकाठच्या गावांत सकाळी धुके असते. याच हंगामात गावोगावी मंडई (जत्रा) भरते आणि पूर्व विदर्भातील झाडीपट्टीची नाटके उघड्यावरच्या मंडपात रात्रभर रंगतात. या रंगभूमीचे केंद्र असलेले देसाईगंज (वडसा) येथून जवळच आहे. जानेवारी ते मार्चमध्ये अधूनमधून अवकाळी पाऊस व गारपीट होते.

तापमानाच्या या चढउताराची खरी झळ धानाला बसते. पावसाळी पीक त्यातून बहुधा सुखरूप निघते. सिंचनाच्या आधारे घेतले जाणारे उन्हाळी धान मात्र दोन्ही टोकांत सापडते. त्याचे पऱ्हे डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत टाकले जातात. पारा दहाच्या खाली गेला, तर रोपे पिवळी पडून वाढ खुंटते. यावर उपाय म्हणून संध्याकाळी विहिरीचे कोमट पाणी वाफ्यात भरतात आणि रात्रीतून गार झालेले पाणी सकाळी काढून टाकतात. रोपे थंडीतून निभावली, तरी रोवणी लांबली की लोंबी ऐन उन्हाच्या तडाख्यात निसवते. फुलोऱ्याच्या वेळी तापमान ३५ अंशांच्या बरेच वर गेल्यास परागकण निकामी होतात आणि दाणे पोचट राहतात. त्यामुळे थंडी ओसरताच रोवणी उरकण्याची घाई असते. कापणी मे महिन्यात, पावसाआधी, करावी लागते.