उसाच्या घाण्यापासून अग्निबाणापर्यंत

जर्मनीतल्या एस्सेन गावी १८११ साली फ्रीडरिश क्रुप नावाच्या गृहस्थाने पोलादाची लहानशी भट्टी घातली. १८२६ साली तो कर्जातच वारला आणि चौदा वर्षांचा मुलगा आल्फ्रेड याच्यावर सारा भार पडला. या क्रुपांनी पुढे तोफा ओतल्या हे शिक्षकमंडळींना माहीत आहेच. पण त्यांना खरा पैसा मिळवून दिला तो आगगाडीच्या चाकांनी. बैलगाडीच्या चाकाला आपण धाव चढवतो ना, तशी पोलादाची, पण कुठेही सांधा नसलेली धाव आल्फ्रेडने काढली. तोफांचे दिवस मागाहून आले. १८७०-७१ च्या युद्धात प्रशियाच्या सैन्यापाशी क्रुपच्या तोफा होत्या, आणि मग राजसत्ता व कारखाना यांची गाठ पक्की बसली.

असेच एक घराणे आपल्या इंदापूर तालुक्याशी बांधले गेले आहे. वालचंद हिराचंद दोशी यांचा जन्म सोलापूरचा, १८८२ सालचा. घरचा धंदा कापसाचा नि सावकारीचा. त्यात त्यांचे मन रमले नाही. लक्ष्मणराव फाटक या रेल्वेतल्या माजी कारकुनाशी भागी करून त्यांनी बार्शी लाइट रेल्वेचे काम घेतले. म्हणजे रूळ इथेही आधीच आले! १८७६-७७ च्या दुष्काळानंतर खोदलेल्या नीरा डाव्या कालव्याचे पाणी कळंबच्या माळाजवळून जात होते. तेथे वालचंदांनी ऊस लावला आणि १९३० नंतरच्या चारपाच वर्षांत साखर कारखाना उभा केला. तेच आजचे वालचंदनगर.

क्रुपच्या पाठीशी राजा होता. वालचंदांच्या राज्यकर्त्यांना मात्र हिंदी माणसाच्या हाती मोठे यंत्र नकोच होते. जहाजे, मोटारी, विमाने, प्रत्येक ठिकाणी त्यांना अडथळेच आले. डिसेंबर १९४० मध्ये म्हैसूर सरकारच्या साह्याने त्यांनी बंगलोरला विमानांचा कारखाना काढला. १९४२ साली हिंदुस्थान सरकारने त्यांचा हिस्सा विकत घेतला. पुढे त्याचेच हिंदुस्थान एरोनॉटिक्स झाले. १९५३ साली वालचंद वारले. त्यांच्यामागे धंदा भावांनी सांभाळला.

आता वालचंदनगरातच अग्निबाणाचे भाग कसे होऊ लागले, ते पाहू. साखर कारखान्याचे घाणे दिवसरात्र फिरतात, त्यांचे दाते झिजतात, बाष्पपात्राला वाफेचा दाब सोसावा लागतो. हंगामात मोडतोड झाली तर मुंबईची वाट पाहून चालत नाही. ऊस तोडल्यावर वाळत जातो. म्हणून दुरुस्तीचे काम जागेवरच हवे. स्वातंत्र्यानंतर सहकारी साखर कारखाने निघू लागले, तेव्हा वालचंदनगरात अख्ख्या कारखान्यांची यंत्रे तयार होऊ लागली. बाष्पपात्र म्हणजे काय, तर आतला दाब न फुटता सोसणारे भांडे. अग्निबाणाचे कवचही मुळात तेच. त्याचे पोलाद वेगळे आणि सांध्याची परीक्षा फार कडक, एवढाच फरक. पण हात तेच लागतात. पीएसएलव्ही अग्निबाणाचा पहिला टप्पा २.८ मीटर व्यासाचा आहे. त्याची कवचे इथे घडली. क्षेपणास्त्रांचे आणि अणुभट्ट्यांचे भागही इथून गेले. जोडकाम करणाऱ्यांत आसपासच्या गावांची मुले होती, हे मला त्या यंत्रांहून मोठे वाटते.

पण या इतिहासाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. क्रुपांनी कामगारांना घरे बांधून दिली, रुग्णालये काढली. आणि त्याच कारखान्यांत हिटलरच्या काळात वेठीला धरलेली लाखभर माणसे राबली. त्यासाठी १९४८ साली आल्फ्रीड क्रुपला न्युरेंबर्ग येथे बारा वर्षांची शिक्षा झाली. १९५१ मध्येच तो सुटला. वालचंदनगरात असे काही घडले नाही, ही तुलना तिथेच थांबते. मात्र पोलाद कुणाचे, हे विचारताना जमीन कुणाची, हेही विचारावे लागते. साखर कारखान्यांनी शेतकऱ्यांच्या जमिनी खंडाने घेऊन मळे केले होते. १९६१ च्या कमाल जमीनधारणा कायद्याने ते मळे सरकारकडे आणि मग शेती महामंडळाकडे गेले. मूळ मालकाच्या हाती काही आले नाही. खंडकऱ्यांना जमिनी परत मिळू लागल्या त्या २०१२ साली, आणि तोवर कित्येक घरांत अर्ज करणाऱ्याचा नातू सातबाऱ्यावर सही करायला आला होता.