कापूस आणि कापूर

टेबल टेनिसच्या चेंडूच्या पोटात कोणता वायू असतो, असे मुले नेहमी विचारतात. उत्तर साधे आहे: हवा. दोन पोकळ अर्धगोल एकमेकांस चिकटविताना जी हवा आत सापडली, तीच. चेंडूचा खरा इतिहास पोटात नाही, कवचात आहे. शंभराहून अधिक वर्षे हे कवच सेल्युलॉइडचे होते आणि सेल्युलॉइड म्हणजे मुख्यत्वे आपल्या परिचयाच्या दोन वस्तू, कापूस आणि कापूर.

कापूस नत्राम्ल व गंधकाम्ल यांच्या मिश्रणात बुडवून धुऊन वाळविला, की दिसायला तो तसाच राहतो. पण ठिणगी पडताच भडकून उठतो. बासल येथील शेनबाइन या रसायनशास्त्रज्ञाने १८४६ साली हा शोध जाहीर केला. बंदुकीच्या दारूला पर्याय मिळाला म्हणून जो तो त्याच्या मागे लागला. पुढल्याच वर्षी इंग्लंडातील फॅव्हरशॅम येथे या कापसाचा कारखाना उडाला व सुमारे २० कामगार प्राणांस मुकले.

याच दाहक कापसात कापूर मिसळून उष्णता व दाब दिला, की हस्तिदंतासारखा टणक पदार्थ तयार होतो. बिलियर्डच्या चेंडूंसाठी हस्तिदंताला पर्याय शोधणाऱ्यास अमेरिकेतील एका कंपनीने १०,००० डॉलरचे बक्षीस लावले होते. त्या नादात जॉन वेस्ली हायट या छापखान्यातील कारागिराने ही युक्ती साधली आणि १८७० साली पेटंट घेतले. चेंडू एकमेकांवर जोरात आपटले की कधी कधी बार उडाल्यासारखा आवाज होई. तो ऐकताच आपल्या गुत्त्यातील प्रत्येक माणूस पिस्तूल उपसतो, असे एका गुत्तेवाल्याने कळविल्याची हकीगत हायटनेच पुढे सांगितली. श्रोते हसले असतील. परंतु न्यूअर्क येथील त्याच्या कारखान्यास १८७५ साली आग लागली, ती काही हसण्याची गोष्ट नव्हती.

१९०० च्या सुमारास हा हलका, पोकळ चेंडू इंग्लंडात आला आणि रबराच्या व बुचाच्या चेंडूंना मागे सारून पिंगपाँग घरोघर पोहोचले. कापूर येई तो मुख्यतः फॉर्मोसा बेटावरून. १८९५ साली जपानने ते बेट घेतले, १८९९ मध्ये कापराचा मक्ता सरकारी केला, आणि कापराच्या झाडांसाठी डोंगरातील आदिवासींच्या मुलखात सशस्त्र चौक्यांची रांग पुढे पुढे सरकत गेली. पुढे टर्पेंटाइनपासून कृत्रिम कापूर होऊ लागला, तेव्हा या मक्त्याचे महत्त्व घटले. १९५२ साली मुंबईस जागतिक स्पर्धा भरली. जपानच्या सातोने स्पंजाच्या बॅटने भल्याभल्यांना नमविले, ते सेल्युलॉइडच्याच चेंडूवर.

याच कुळातील नायट्रेट फिल्मने १९२९ मध्ये क्लीव्हलंडच्या रुग्णालयात १२० हून अधिक बळी घेतले. तळघरात साठविलेल्या क्ष-किरण फिल्म पेटल्या आणि विषारी धुराने माणसे गुदमरली. सिनेमाची फिल्म १९५० च्या सुमारास बदलली. चेंडू मात्र २०१४ पर्यंत तसाच राहिला. त्या वर्षी आंतरराष्ट्रीय संघटनेने सेल्युलॉइडविरहित चेंडू आणले आणि ज्वलनशीलता हे त्याचे एक कारण सांगितले.

एवढा उशीर का? सेल्युलॉइडसारखी उसळी दुसऱ्या पदार्थात सहजी साधेना, हे खरेच आहे. परंतु खेळाडूच्या हाती असतो तो एकच चेंडू, जेमतेम अडीच-पावणेतीन ग्रॅमचा. त्याचे भय ते काय? भय असते ते जेथे सेल्युलॉइडचे ताव रचलेले असतात, अर्धगोल दाबले जातात, हजारो चेंडू वाळत पडलेले असतात तेथे. म्हणजे कारखान्यात, गोदामात आणि वाहतुकीत. वस्तू एकच, पण वापरणाऱ्याच्या वाट्याला चिमूटभर धोका आणि घडविणाऱ्याच्या वाट्याला ढीगभर. कामगार चळवळीत वावरणाऱ्याला हा हिशेब नवा नाही. एखादी वस्तू सुरक्षित आहे, असे कोणी सांगितले, तर आपण एवढेच विचारावे: कोणासाठी?