आतामीचा किनारा

जपान म्हटले की वसईच्या माणसाला प्रथम नागासाकी आठवते, आणि ते साहजिकच आहे. वसईत जन्मलेले संत गोन्सालो गार्सिया ५ फेब्रुवारी १५९७ रोजी तेथील टेकडीवर क्रुसावर मरण पावले. परंतु त्या देशाचा किनारा लांबलचक आहे आणि त्यावर केवळ हुतात्म्यांच्याच पाऊलखुणा नाहीत. टोकियोच्या नैर्ऋत्येस सुमारे शंभर किलोमीटरवर, इझू द्वीपकल्पाच्या तोंडाशी आतामी हे गाव आहे. डोंगर थेट समुद्रात उतरतो आणि त्याच्या उतारावर घरे दाटीने उभी आहेत. नावाचा अर्थच मुळी 'ऊन समुद्र'. नवराबायकोने शनिवारी निघावे, उन्हाळ्यांत न्हावे, समुद्र पाहावा आणि रविवारी घरी परतावे, अशी या गावाची ख्याती. या एवढ्याशा सुखालाही इतिहास आहे, आणि तो सगळाच गोड नाही.

१६०४ साली शोगुन तोकुगावा इयेयासू येथे सात दिवस स्नानासाठी राहिला. पुढे येथील गरम पाणी लाकडी पिंपांत भरून एदोच्या किल्ल्यावर नेले जाई. अर्थात हे सुख राज्यकर्त्यांचे. सामान्य माणसाला मुळात 'शनिवार-रविवार' हा प्रकारच ठाऊक नव्हता. मेइजी सरकारची आरंभीची सुट्टी एक आणि सहा या आकड्यांच्या तारखांना असे. १८७६ पासून सरकारी कचेऱ्यांना रविवारची पूर्ण आणि शनिवारी दुपारनंतरची सुट्टी मिळू लागली. ज्या देशात प्रभूच्या दिवसाची उपासना करणारे मूठभर, त्या देशाने त्या दिवसाची विश्रांती तेवढी उचलली, याची गंमत वाटते.

सुट्टी मिळाली, पण आतामीला जायचे कसे? १८८९ साली पूर्ण झालेला तोकाइदो लोहमार्ग डोंगर टाळून गोतेम्बावरून वळसा घालून जात होता. तेव्हा १८९६ पर्यंत ओदावारा ते आतामी असा पंचवीस किलोमीटरचा एक अजब रूळमार्ग तयार झाला. त्यावरचे छोटे डबे माणसे ढकलीत! प्रवासाला सुमारे चार तास लागत. डब्यांत तीन वर्ग होते आणि चढ लागला की तिसऱ्या वर्गाच्या उतारूंनाही खाली उतरून ढकलावे लागे. माणसाच्या घामावर चालणारी ही गाडी पुढे वाफेवर चालू लागली आणि १९२३च्या भूकंपात नष्ट झाली.

याच सुमारास, १८९७ मध्ये, ओझाकी कोयो यांची 'कोंजिकी याशा' ही कादंबरी 'योमिउरी' वृत्तपत्रातून क्रमशः येऊ लागली. कान्इची हा गरीब विद्यार्थी आणि मिया ही त्याची वाग्दत्ता. हिऱ्याची अंगठी मिरवणाऱ्या एका श्रीमंताच्या मुलासाठी मिया त्याला दूर सारते. १७ जानेवारीच्या चांदण्या रात्री आतामीच्या वाळूत ती त्याच्या पाया पडते आणि तो तिला लाथेने दूर लोटतो. १९०३ साली कोयो वारले. कादंबरी अपुरीच राहिली. पण आतामीचे भाग्य उजळले. १९८६ पासून त्या लाथेचा पुतळाच किनाऱ्यावर उभा आहे आणि प्रेमी जोडपी त्याच्यापुढे छायाचित्रे काढून घेतात. धनापुढे प्रेम हरल्याची कथा हेच गावाच्या कमाईचे साधन व्हावे!

गावाला खरी भरभराट आणली ती मात्र तान्ना बोगद्याने. सुमारे ७.८ किलोमीटरचा हा बोगदा सात वर्षांत व्हायचा होता. १९१८ साली काम सुरू झाले आणि पहिली गाडी गेली १ डिसेंबर १९३४ रोजी. १९२० मध्ये आतामीच्या बाजूला छत कोसळले. सोळा जण मेले, तर सतरा जण सात दिवस अंधारात अडकून जिवंत बाहेर आले. १९३० च्या भूकंपाने खोदलेल्या बोगद्याची सरळ रेघच मोडली, जमीन दोन मीटरांहून अधिक सरकली. एकंदर ६७ कामगार बळी गेले.

आणखी एक नुकसान झाले, त्याचे कोठे स्मारक दिसत नाही. बोगद्याच्या वर डोंगरात तान्ना नावाचे खोरे आहे. पाण्याने समृद्ध, भात आणि वासाबी तेथे पिके. खाली खोदकाम सुरू झाले आणि वरचे झरे आटू लागले. हाकोनेच्या आशी सरोवराच्या तिपटीइतके पाणी बोगद्यातून वाहून गेले असा अंदाज सांगितला जातो. शेतकरी संतापले, त्यांनी गाऱ्हाणी नेली, मोर्चे नेले, शेवटी भरपाई मिळाली. पण पैसे म्हणजे झरा नव्हे. पुढे त्या खोऱ्याने गाईंचा आधार घेतला आणि दूधधंदा वाढवला. आमच्या वसईच्या बागायतदाराला, ज्याने आपल्या बावखलाचे पाणी डोळ्यांदेखत गेलेले पाहिले आहे, त्याला हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही.

युद्धानंतर आतामी मधुचंद्राचे गाव झाले. १९५० मध्ये मोठी आग लागून शेकडो घरे जळाली. गाव पुन्हा उभे राहिले. १९६४ साली शिनकानसेन आली आणि टोकियोहून तासाभराच्या आत पोहोचता येऊ लागले. मग बड्या कंपन्यांच्या सहली, सिमेंटची उंच हॉटेले. विमानप्रवास स्वस्त झाल्यावर नववधू-वर आणखी दूर जाऊ लागले, आणि १९९० नंतर पाहुण्यांची संख्या निम्म्यावर येऊन कित्येक हॉटेलांना कुलुपे लागली. अलीकडे तरुण जोडपी पुन्हा येऊ लागली आहेत. ३ जुलै २०२१ रोजी इझुसान भागात डोंगरावर टाकलेला भराव खचून चिखलाचा लोंढा वस्तीवर आला, तोही याच आतामीत.

परंतु आतामीला गेलेल्या सर्व जोडप्यांत माझ्या मनात घर करून राहिलेले जोडपे नवविवाहित नव्हे. ओझू यासुजिरो यांच्या १९५३च्या 'तोक्यो मोनोगातारी' या चित्रपटातील ते वृद्ध आईवडील. ओनोमिचीहून ते मुलांना भेटायला टोकियोला येतात. मुलांना वेळ नाही. घरात ठेवून घेण्यापेक्षा स्वस्त पडेल म्हणून मुले त्यांना आतामीच्या खानावळीत पाठवतात. रात्रभर शेजारच्या खोल्यांतून तरुणांचा माजाँगचा खेळ आणि गाणेबजावणे चालते; म्हाताऱ्यांचा डोळा लागत नाही. सकाळी दोघे समुद्राच्या धक्क्यावर शेजारी शेजारी बसतात. आता घरी जाऊ या, असे ठरते. उठताना म्हातारीला किंचित भोवळ येते, ती क्षणभर खाली वाकते, मग सावरते. म्हातारा तिच्यापुढे दोन पावले गेलेला असतो. तो मागे वळून पाहतो.