भाकरी, डाळ आणि मजुरीचे माप

सोलापूर जिल्ह्याचा आहार रब्बी ज्वारीवर उभा राहिला. मोहोळ येथे निवडीने सिद्ध झालेला मालदांडी ३५-१ हा वाण दख्खनभर पसरला आणि मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. या ज्वारीत सुमारे दहा टक्के प्रथिने असतात. प्रथिने ज्या वीस अमिनो आम्लांची बनतात, त्यांपैकी नऊ प्रौढ शरीराला अन्नातूनच मिळवावी लागतात आणि त्यांतले एक जरी अपुरे पडले, तरी स्नायूंची झीज भरून काढण्यासाठी उरलेल्यांचा पुरता उपयोग होत नाही. ज्वारीत हे उणे अमिनो आम्ल म्हणजे लायसिन, जे तूर, हुलगा, मटकी आणि हरभरा यांत भरपूर असते. उलट डाळींत कमी पडणारे मेथिओनिन ज्वारी पुरवते. (सोलापूरची शेंगाचटणी कितीही नावाजलेली असली, तरी शेंगदाण्यातही लायसिन बेताचेच असल्याने हे काम पिठल्याइतके तिला साधत नाही.)

ज्वारी-डाळीची ही जोडी मोडली की काय होते, याचा हिशेब १८७६-७७ च्या दुष्काळात मांडता येतो. सोलापूर जिल्हा त्यात होरपळत असताना सरकारचे दुष्काळ-प्रतिनिधी सर रिचर्ड टेंपल यांनी दुष्काळी कामांवरील पुरुषाची मजुरी एक पौंड, म्हणजे सुमारे ४५० ग्रॅम, धान्याची किंमत आणि वर किरकोळ पैसे इतकी खाली आणली. तेवढ्या ज्वारीतून जेमतेम एक ग्रॅम लायसिन मिळते, तर पन्नास किलो वजनाच्या माणसाची आज मानली जाणारी गरज दीड ग्रॅमची आहे. दिवसभर खडी फोडणाऱ्याला त्यातील उष्मांकही पुरणारे नव्हते. अमिनो आम्लांचे हे गणित तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हते, पण मद्रासचे आरोग्याधिकारी डॉ. कॉर्निश यांनी हे माप अपुरे असल्याचे ठणकावून सांगितले, मुंबई इलाख्यातील मजुरांनी कामे सोडली आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू सरकारपुढे मांडली.

ज्वारीची दुसरी बाजू १९६० मध्ये पुढे आली. हैदराबादचे पोषणशास्त्रज्ञ सी. गोपालन आणि एस. जी. श्रीकांतिया यांनी, ज्वारीवरच जगणाऱ्यांमध्ये आढळणाऱ्या पेलाग्रा या त्वचा, पचन आणि मेंदू यांना ग्रासणाऱ्या विकाराचा संबंध तिच्यातील ल्युसिनच्या अतिरेकाशी जोडला. हा निष्कर्ष पुढे वादग्रस्त ठरला, तरी ज्वारीच्या प्रथिनात ल्युसिन विपुल असते, याबद्दल दुमत नाही. आणि स्नायूंच्या बांधणीला चालना देणारे म्हणून व्यायामशाळांत डब्यांतून विकल्या जाणाऱ्या भुकटीत भर याच ल्युसिनवर दिलेला असतो, लायसिनवर नव्हे.